मॅडम, ‘यूज्ड टु’चा वर्तमानकाळ काय?

मागच्या अंकात कॅन, मे, शुड, मस्ट या मोडल, म्हणजे मुख्य क्रियापदाला साथ देणाऱ्या, क्रियापदांबद्दल लिहिलं होतं आणि शेवटी म्हटलं होतं की चार क्रियापदं अशी आहेत की ज्यांना धड मोडलही म्हणता येत नाही आणि धड साधं क्रियापदही म्हणता येत नाही, अर्धी इकडची अर्धी तिकडची, म्हणून त्यांना सेमी-मोडल म्हणतात : नीड, डेअर, यूज्ड टु आणि ऑट टु. त्यांच्यात कुठं अडत असेल तर लिहा. तर पत्रं आली, व्हॉट्सॲपवर वहीच्या पानांचे फोटो आले, एका भाऊंनी तर कापूस वेचणी चालू असताना वावरातूनच पाच मिनिटांचा आवाज रेकॉर्ड करून पाठवला. सगळ्यांना जागा देता येत नाही, पण ज्या प्रश्नावर बरेच जण अडून राहिले ते घेतले आहेत.

प्रश्न : मॅडम नमस्कार, मी बारावी आर्ट्सला आहे, मूर्तिजापूर तालुक्यातल्या खेड्यातून रोज एसटीनं अप-डाऊन करते. चाचणी परीक्षेत ‘मी एसटीने कॉलेजला जाते’ याचं मी ‘आय यूज टु गो टु कॉलेज बाय एसटी’ असं लिहिलं, त्यावर लाल रेघ आली पण काऊन आली ते कळलं नाही. भूतकाळात यूज्ड टु तर वर्तमानकाळात यूज टु, असंच होईल ना?

उत्तर : बेटा, तुझा विचार सरळ आहे, वॉक्डचा वर्तमानकाळ वॉक तसा यूज्डचा यूज. पण या क्रियापदाला वर्तमानकाळच नाही. काही शतकांपूर्वी इंग्रजीत होता, नंतर लोकांनी तो बोलायचं सोडलं आणि फक्त भूतकाळ उरला. आजची रोजची गोष्ट सांगायला साधा वर्तमानकाळच पुरतो, ‘आय गो टु कॉलेज बाय एसटी’, आणि नेहमीचं आहे हे दाखवायचं असेल तर ‘आय युज्वली गो’. झालं.

आता खरी गंमत बघ, हे यूज्ड टु ज्यासाठी आहे त्यासाठी आपल्या मराठीत अख्खा एक काळ आहे. व्याकरणाच्या पुस्तकात त्याला रीतिभूतकाळ म्हणतात, ‘तो जात असे’, ‘तो जाई’. बोलताना आपण ‘जायचो, जायची’ म्हणतो आणि आपल्या वऱ्हाडात म्हातारी माणसं म्हणतात, ‘बुढा रोज वावरात जाये’. ते ‘जाये’ म्हणजे यूज्ड टु. म्हणून इंग्रजी लिहायच्या आधी मनातलं मराठी वाक्य ऐकायचं. ‘जायची’ ऐकू आलं तर यूज्ड टु, ‘जाते’ ऐकू आलं तर त्याला हात लावायचा नाही.

तुझ्या मूर्तिजापूरचंच उदाहरण घे. ‘द शकुंतला यूज्ड टु रन फ्रॉम मूर्तिजापूर टु अचलपूर.’ शकुंतला, म्हणजे आपली छोट्या रुळांवरची आगगाडी, धावायची. या एका वाक्यात दोन गोष्टी आल्या, ती वर्षानुवर्षं धावायची आणि आता धावत नाही. दुसरी गोष्ट वेगळी सांगावीच लागत नाही, यूज्ड टु म्हटलं की ऐकणाऱ्याला ती आपोआप कळते. ‘अ स्टीम इंजिन यूज्ड टु पुल इट’ हेही बरोबर. पण १९९४ मधे वाफेचं इंजिन जाऊन डिझेलचं आलं, ही एकदाच घडलेली गोष्ट आहे, तिथं ‘इन १९९४ अ डिझेल इंजिन रिप्लेस्ड इट’ असा साधा भूतकाळ. एकदा घडलेल्या गोष्टीला यूज्ड टु कधीच लागत नाही.

मग ‘यूज टु’ कुठं दिसतंच नाही का? दिसतं, डिड आलं की. ‘डिड युवर ग्रँडमदर यूज टु ट्रॅव्हल बाय शकुंतला?’ आणि ‘शी डिडन्ट यूज टु बाय अ तिकीट.’ डिड आलं की भूतकाळ त्यानं उचलला, मग यूज्डमधला शेवटचा डी काढायचा, जसं आपण डिड वेन्ट म्हणत नाही तसं. इथं गंज लोकं चुकतात, आणि त्याचं कारण कानात आहे. बोलताना यूज्ड टु असा उच्चार कोणी करत नाही, ‘यूस्टु’ असाच होतो, म्हणून डी आहे की नाही हे ऐकून कळतच नाही, ते लिहितानाच सांभाळावं लागतं. जुन्या पुस्तकांत ‘यूज्ड नॉट टु’ असंही नकारार्थी दिसेल, ते चूक नाही पण आता फार जुनं वाटतं. बोलताना सगळ्यात सोपं म्हणजे ‘नेव्हर यूज्ड टु’.

याच पत्राखाली तू विचारलंस की यूज्ड टुच्या जागी वुड चालतं का. कधी चालतं, कधी नाही. परत परत केलेली क्रिया असेल तर चालतं, ‘द ट्रेन वुड स्टॉप ॲट एव्हरी स्मॉल स्टेशन.’ पण नुसती स्थिती असेल तर चालत नाही. १९५६ पर्यंत नागपूर मध्यप्रदेशची राजधानी होतं. ‘नागपूर यूज्ड टु बी द कॅपिटल ऑफ मध्यप्रदेश’ बरोबर, ‘नागपूर वुड बी द कॅपिटल’ म्हटलं की अर्थच पालटतो. राजधानी असणं ही काही रोज उठून करायची गोष्ट नाही ना. असणे, राहणे, आवडणे, माहीत असणे, यांना वुड लावू नको.

प्रश्न : मॅडम, मी अमरावतीला रूम करून स्पर्धा परीक्षेची तयारी करून राहिलो. इंटरव्ह्यूत ‘मला मेहनतीची सवय आहे’ हे ‘आय यूज्ड टु वर्क हार्ड’ असं म्हणायचं का ‘आय ॲम यूज्ड टु’? मित्र म्हणतात दोन्ही चालते.

उत्तर : दोन्ही चालत नाही बाबू, आणि मी हे इतक्या जोरानं का सांगतेय ते ऐक.

नोकरी शोधत होते तेव्हाची गोष्ट. एका शिक्षण संस्थेत मुलाखत होती, खेड्यातली शाळा, समोर तिघं जण. त्यांनी इंग्रजीतून विचारलं की खेड्यात राहायला जमेल का. मी आयुष्यभर खेड्यातच राहिलेली, घरी गोठा, पाणी विहिरीचं, मला सांगायचं होतं की साहेब मला सवय आहे. मी म्हटलं, ‘येस सर, आय यूज्ड टु लिव्ह इन अ व्हिलेज.’ मधल्या साहेबांनी मान हलवली आणि म्हणाले, म्हणजे आता शहरात असता तुम्ही. मला तेव्हा कळलंच नाही की ते असं का म्हणाले, मी नुसती नाही नाही करत राहिले. बाहेर आल्यावर बसस्टँडवर उसाच्या रसाच्या दुकानाजवळ उभी होते तेव्हा डोक्यात लख्ख पडलं, की एक ‘ॲम’ राहिला. त्या ॲमशिवाय मी स्वतःच्या तोंडानं सांगून आले होते की मी पूर्वी खेड्यात राहायची, आता नाही.

तर ‘आय यूज्ड टु वर्क हार्ड’ म्हणजे मी मेहनत करायचो, आता सोडली. इंटरव्ह्यूत हे म्हणायचं आहे का तुला? ‘आय ॲम यूज्ड टु वर्किंग हार्ड’ म्हणजे मला मेहनतीची सवय आहे. फरक दोन जागी आहे, आधी ॲम आला आणि नंतर वर्कचं वर्किंग झालं. हे दुसरं सेमी-मोडल नाहीच, इथं यूज्ड हे विशेषण आहे आणि टु हे शब्दयोगी अव्यय आहे, म्हणून त्याच्यापुढं नामच येतं किंवा आयएनजी लावून नामासारखं केलेलं क्रियापद येतं.

ओळखायची खूण सांगते. टुच्या पुढं ‘द हीट’ ठेवून बघ. ‘वी आर यूज्ड टु द हीट’, आम्हाला उन्हाची सवय आहे, बसलं की नाही बरोबर? आपल्या विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तरी माणसं बाजाराला निघतातच. पण ‘वी यूज्ड टु द हीट’ बसत नाही, वाक्य लंगडं झालं. जिथं द हीट बसतं तिथं सवय आहे, तिथं पुढं आयएनजी लाव. सवय अजून व्हायची असेल तर गेट वापर. कोकणातून आपल्याकडे लग्न होऊन आलेली सून पहिल्या उन्हाळ्यात म्हणेल, ‘आय ॲम गेटिंग यूज्ड टु इट’, होऊन राहिली सवय. या अर्थाला सगळे काळ चालतात, वॉज यूज्ड टु, विल गेट यूज्ड टु, काही अडचण नाही.

एक तिसरं पण आहे ज्याच्यात पोरं फसतात. ‘अ सिकल इज यूज्ड टु कट जवार.’ विळा ज्वारी कापायला वापरतात. हा यूजचा साधा कर्मणी प्रयोग आहे, वापरणे या अर्थाचा, आणि इथं उच्चारही वेगळा, खरोखर ‘यूझ्ड’ असा झेडचा. कानानं शिकलास तर ही दोन वेगळी आहेत हे डोळ्यापेक्षा लवकर कळेल.

प्रश्न : मॅडम, मी दर्यापूरकडचा कास्तकार, मुलगा दहावीत. त्याच्या वहीत ‘ही नीड नॉट गो’ होतं, मी म्हटलं चुकलं, ही शी इटला एस लागते, ‘नीड्स’ कर. तो म्हणतो सरांनी असंच दिलं. आमच्या घरात दोन दिवस वाद चालू आहे. कोण बरोबर?

उत्तर : भाऊ, मुलगा बरोबर आहे, आणि तुमचा नियमही चुकीचा नाही, तो दुसऱ्या नीडचा आहे. शाळा सोडून इतकी वर्षं झाली तरी ही-शी-इटचा एस तुमच्या लक्षात आहे आणि तुम्ही पोराची वही उघडून बघता, हे वाचून मला फार बरं वाटलं.

नीड दोन रूपांत वागतं. एक साधं क्रियापद, त्याला एस लागतो, डू-डझ लागतं, पुढं टु लागतो : ‘ही नीड्स टु गो’, ‘ही डझन्ट नीड टु गो’, ‘डझ ही नीड टु गो?’ दुसरं मोडलसारखं, त्याला यातलं काहीच लागत नाही, ना एस, ना डझ, ना टु : ‘ही नीड नॉट गो’, ‘नीड ही गो?’ दोन्ही बरोबर. चूक होते ती दोघांची सरमिसळ केली की. ‘ही डझन्ट नीड गो’ नाही, ‘ही नीड्स नॉट गो’ नाही, ‘ही नीड नॉट टु गो’ पण नाही. एकतर पूर्ण इकडचं घ्या नाहीतर पूर्ण तिकडचं.

आणि मोडल नीड होकारार्थी वाक्यात येतच नाही. ‘ही नीड गो’ असं वाक्य इंग्रजीत नाही. ते नकारात येतं, प्रश्नात येतं, नाहीतर हार्डली, ओन्ली असल्या शब्दांसोबत येतं, ‘यू नीड ओन्ली आस्क’, तुम्ही फक्त विचारायचं. परीक्षेत एक नेहमी विचारतात म्हणून मुलाला सांगा, ‘नीड आय गो?’ याचं होकारार्थी उत्तर ‘येस, यू नीड’ होत नाही. ‘येस, यू मस्ट’ होतं. नकारार्थी मात्र ‘नो, यू नीडन्ट’.

आता नीडमधलं मला सगळ्यात आवडतं ते सांगते, भूतकाळातलं. समजा तालुक्याला केवायसी करायला गेलात, सकाळची पहिली गाडी पकडली, ५० रुपये भाडं गेलं, तिथं लाईनीत दीड तास उभे राहिलात आणि खिडकीवर कळलं की तुमचं तर मागच्या महिन्यातच झालेलं आहे. घरी येऊन तुम्ही काय म्हणाल? ‘उगाच गेलो.’ हे उगाच म्हणजे ‘आय नीडन्ट हॅव गॉन.’ गेलो, पण जायची गरज नव्हती. आणि समजा निघायच्या आधीच गावातल्या कोणी सांगितलं की तुमचं झालेलं आहे, तर ‘आय डिडन्ट नीड टु गो’, गरजच पडली नाही. बहुतेक वेळा याचा अर्थ गेलोही नाही असाच निघतो. मराठीत तो उगाच काढून घेतला तर सांगणं किती लंगडं होतं बघा, इंग्रजीत तेच काम नीडन्ट हॅव करतं. मी वर्गात हे उगाचवरूनच शिकवायची आणि ज्या पोरांना व्याकरणाची भीती वाटायची त्यांना सुद्धा ते एका फटक्यात समजायचं.

घरात अजून एक नीड रोज लागतं, ‘द मोटर नीड्स रिपेअरिंग’, मोटर दुरुस्त करायला झाली. इथं रिपेअरिंग म्हणजे करणारी मोटर नाही, तिची दुरुस्ती व्हायची आहे.

प्रश्न : मी कृषी केंद्रात कामाला आहे, यवतमाळ जिल्हा. औषधाच्या पत्रकात इंग्रजीत ‘मस्ट नॉट बी मिक्स्ड’ लिहून होतं, एका शेतकऱ्यानं अर्थ विचारला, मी ‘मिसळायची गरज नाही’ असं सांगितलं. नंतर मालक म्हणाले चुकीचं सांगितलं. मस्ट म्हणजे गरज, नॉट म्हणजे नाही, मग चुकलं कुठं? मला रात्री झोप आली नाही.

उत्तर : झोप आली नाही म्हणजे कामाची काळजी आहे, ती असू द्या. चूक कुठं झाली ते नीट समजून घ्या, कारण या पानावरच्या बाकी सगळ्या चुकांनी मार्क जातात, या चुकीनं माणूस जाऊ शकतो. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन कितीतरी शेतकरी-मजूर दगावले, हे तुम्हाला मी सांगायला नको.

‘मस्ट’ आणि ‘हॅव टु’ होकारात सख्ख्या भावांसारखे दिसतात. ‘यू मस्ट वेअर अ मास्क’, ‘यू हॅव टु वेअर अ मास्क’, दोन्हीचं मराठी मास्क बांधायलाच पाहिजे. पण नॉट आला की वाटा फुटतात. ‘यू डोन्ट हॅव टु’ आणि ‘यू नीड नॉट’ म्हणजे गरज नाही, करायचं तर करा नाहीतर राहू द्या. ‘यू मस्ट नॉट’ म्हणजे करता कामा नये, मनाई. मस्ट नॉटमधला नॉट ‘पाहिजे’ला लागत नाही, तो पुढच्या क्रियेला लागतो. ‘मस्ट, नॉट मिक्स’ असं मनात तोडून वाचा : सक्ती आहे, कशाची, न मिसळण्याची. आणि ‘नीड नॉट, मिक्स’ असं तोडा : गरज नाही, कशाची, मिसळण्याची.

तुमच्या दुकानात काय होतं ते मी पाहिलेलं आहे. माणूस घाईत असतो, मजूर वावरात येऊन बसलेले, एका पंपातच अळीचं, मव्याचं आणि वाढीचं औषध बसलं तर पाणी आणि मजुरी वाचते असा त्याचा हिशोब असतो, मग झाकणानं मापून तिन्ही पंपात आणि काडीनं ढवळलं की झालं. तुम्ही ‘गरज नाही’ म्हटलं की त्याच्या कानावर पडतं की मिसळलं तरी चालेल. तुम्ही ‘मिसळायचंच नाही’ म्हटलं असतं तर तो थांबला असता. ‘वर्कर्स मस्ट नॉट एन्टर द फील्ड’ असं पुढं लिहून असेल तर तेही तसंच वाचा, फवारलेल्या वावरात मजुरांनी जाता कामा नये. आणि ज्या डब्यावर लाल त्रिकोण आहे, म्हणजे अत्यंत विषारी, त्याच्या पत्रकातलं एकही मस्ट नॉट अंदाजानं सांगू नका, मराठी छापील भाग असतो तो गिऱ्हाइकाला समोर बसवून वाचून दाखवा. त्या शेतकऱ्याचा फोन नंबर दुकानात असेल ना? आजच फोन करा.

प्रश्न : मॅडम, आम्ही वडसा भागातले, दिवाळीनंतर आमच्याकडे झाडीपट्टीच्या नाटकांचा सीझन लागतो, मी छोटी कामं करतो. एका नाटकात खलनायकाला ‘हाऊ डेअर यू!’ असा डायलॉग आहे. कॉलेजात शिकवतात की प्रश्नात डू पाहिजे, मग ‘हाऊ डू यू डेअर’ काऊन नाही?

उत्तर : कारण तो प्रश्न नाहीच. खलनायकाला उत्तर नको आहे, तो ओरडतोय, ‘तुझी एवढी हिंमत!’ इथं डेअर मोडलसारखं वागतं म्हणून डू लागत नाही. डायलॉग आहे तसाच म्हणा, जोर डेअरवर.

डेअरचंही नीडसारखंच दोन रूपांचं आहे. ‘ही डेअर नॉट स्पीक’ मोडल, ‘ही डझन्ट डेअर टु स्पीक’ साधं. पण नीडइतकं हे कडक नाही, ‘ही डझन्ट डेअर स्पीक’ असं टु गाळून सरमिसळ केलेलंही इंग्रज लोक सर्रास बोलतात आणि ते चुकीचं मानत नाहीत. भूतकाळ आहे, ‘डेअर्ड’. तुमच्या भागात वाघाची दहशत असली की मोहफुलं वेचायला जंगलात जायला कोणी धजत नाही, ‘द व्हिलेजर्स डेअर नॉट गो इनटु द फॉरेस्ट.’

आणि हे धजणे बघा. ‘तो धजला’ असं आपण क्वचित म्हणतो, बहुतेक वेळा ‘धजला नाही’, ‘कोणी धजेना’, ‘कोण धजेल?’, म्हणजे नकार नाहीतर प्रश्न. मोडल डेअरही नेमकं तसंच, नकारात आणि प्रश्नातच राहतं. दोन भाषा इतक्या लांबच्या आणि हिंमतीच्या शब्दाची सवय मात्र सारखी, हे मला पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी वर्गात शिकवता शिकवता थांबले होते.

नाटकवाल्याला उपयोगी पडतील असे अजून तीन घ्या. ‘डोन्ट यू डेअर!’ म्हणजे खबरदार. ‘आय डेअर यू टु टच इट’ म्हणजे हात लावून दाखव, हे आव्हान देणारं डेअर नेहमी साधंच क्रियापद असतं, टु सोडायचा नाही. आणि ‘आय डेअर से’ ऐकून छाती पुढं काढू नका, त्यात हिंमत काही नाही, त्याचा अर्थ नुसता ‘असेल बहुतेक’.

प्रश्न : ऑट टु आणि शुड यात फरक काय? बीएडला आहे, आर्वी.

उत्तर : रोजच्या वापरात फार नाही. ऑट टुत कर्तव्याचा भार थोडा जास्त वाटतो, आणि त्याचं कारण त्याच्या जन्मात आहे. ऑट हा एके काळी ‘ओ’ या क्रियापदाचा भूतकाळ होता, ओ म्हणजे देणं लागणे. ‘वी ऑट टु लुक आफ्टर अवर पेरेन्ट्स’, आईबापांचं आपण देणं लागतो, हा अर्थ त्यात अजून मुरलेला आहे. टु सोडू नका : ‘ऑट नॉट टु’, ‘ऑट आय टु गो?’ प्रश्न मात्र आता लोक शुडनंच विचारतात. ‘ऑट टु हॅव’ म्हणजे करायला पाहिजे होतं, केलं नाही.

प्रश्न : ‘यू हॅड बेटर गो’ मधे हॅड आहे तर हा भूतकाळ का? आणि गोच्या आधी टु काऊन नाही? (एसटी वाहक, वाशीम जिल्हा)

उत्तर : दिसतो भूतकाळ, अर्थ आत्ताचा, निघालेलं बरं. टु कधीच नाही. आणि यात थोडी धमकी असते, नाही निघालात तर काहीतरी बिनसेल, म्हणून वडीलधाऱ्यांना किंवा साहेबांना हे म्हणू नका, तिथं शुड वापरा. प्रवाशाला ‘यू हॅड बेटर हरी’ म्हणायला हरकत नाही, गाडी सुटतच असते.

प्रश्न : मॅडम मी आठवीत आहे. मी आजोबांवर यूज्ड टुची पाच वाक्यं लिहिली. तपासून द्या ना.

उत्तर : बाळा, तुझ्या वहीचा फोटो मी मोठा करून दोनदा वाचला. अक्षर सुंदर आहे. एकेक घेऊ.

‘माय ग्रँडफादर यूज्ड टु हॅव टू बुलक्स.’ अगदी बरोबर. बैल असणं ही स्थिती आहे, म्हणून इथं वुड नको, तू घेतलंही नाहीस, शाबास.

‘ही यूज्ड टु बाय अ बंडी फ्रॉम द बाजार.’ बंडी म्हणजे बैलगाडी, ती एकदाच घेतली असेल ना? मग ‘ही बॉट अ बंडी’. बंडीत बसून तुला शाळेत सोडायचे, त्याला यूज्ड टु लागेल.

‘ही यूज्ड टु वर्क इन द फील्ड फॉर फिफ्टी इयर्स.’ हे खूप जण लिहितात. किती वर्षं, किती वेळा, असा आकडा सांगितला की यूज्ड टु काढायचं, ‘ही वर्क्ड इन द फील्ड फॉर फिफ्टी इयर्स’. आकडा नसेल तर यूज्ड टु ठेव.

‘ही डिडन्ट यूज्ड टु स्पीक मच.’ डिड आलं, डी गेला, ‘डिडन्ट यूज टु’. बाकी वाक्य छान आहे, मला तुझे आजोबा दिसले.

‘ही यूज्ड टु सिट ऑन द ओटा इन द इव्हनिंग.’ व्याकरणात यात काहीच चूक नाही. पण आजोबा आहेत की नाहीत हे तू कुठं लिहिलेलं नाहीस. असतील, आणि अजूनही संध्याकाळी ओट्यावर येऊन बसत असतील, तर यूज्ड टु खोड आणि तिथं ‘ही सिट्स’ लिही.